चोर्ला घाटात दिसलेला ‘काळा वाघ’ नेमका कोणता प्राणी?

गोवा-कर्नाटक सीमेवरील चोर्ला घाटात दिसलेला ‘काळा वाघ’ कोणता, असे आपण विचारले आहे. आपल्याला तेथे तिन्हीसांजेला रस्ता ओलांडताना दिसलेला लांब शेपटीचा काळाकुळकुळीत प्राणी बहुधा काळा बिबट्या असावा. ती निराळी जात नव्हे. आई आणि बाप दोघांकडूनही अप्रभावी जनुक आल्यामुळे ज्याच्या अंगातील काळे रंगद्रव्य वाढले आहे, असा तो नेहमीचाच बिबट्या असतो, आणि तिरप्या उन्हात त्याच्या कातडीवरचे ठिपकेही दिसतात. पश्चिम घाटातील दाट, ओलसर रानांत, गोव्यातही, असे बिबटे आढळतात. घाटालगतच्या गोव्यातील म्हादई अभयारण्यात वाघांचाही वावर आहे (जानेवारी २०२० मध्ये तेथे चार वाघ मृतावस्थेत सापडले होते), परंतु ते पट्टेरी. मात्र अंधुक उजेडात उदमांजरही मोठे भासते, म्हणून शक्य असल्यास मातीतील ठसा पाहावा: बिबट्याच्या ठशात चार बोटे उमटतात, नखे नाहीत, उदमांजराची बोटे पाच.