टायमिंग बरोबर, तरी मिसिंग का?

प्रश्न: जुन्या चार सिलिंडरच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनला ईसीयू (स्पार्कची वेळ ठरवणारा कॉम्प्युटर) बसवलाय, सेन्सर क्रँक पुलीवर, डिस्ट्रिब्युटर फक्त स्पार्क वाटायला ठेवलाय, त्यातली वेगाप्रमाणे स्पार्क आधी आणणारी वजनं लॉक केली आणि लोडप्रमाणे तेच करणारा व्हॅक्यूमही काढला. आयडलिंगला टायमिंग १० डिग्री (म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या इतक्या डिग्रीवर स्पार्क), छान चालतं. पण हलक्या पायाने चालवलं, म्हणजे ईसीयूच्या मॅपमध्ये (टायमिंगच्या तक्त्यात) ४२ डिग्री येतात तिथे, की मिसिंग सुरू. टायमिंग लाइटने पुलीवर बघितलं तर बरोबर, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवला तरी टायमिंग हलतच नाही! ईसीयू गेलाय का?

उत्तर: ईसीयूला अजिबात हात लावू नका, तो सांगितलेलं काम नीट करतोय. टायमिंग आता क्रँकच्या सेन्सरवरून ठरतं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर फिरवून ते हलणारच नाही, हलतं ते एवढंच की स्पार्क येतो त्या क्षणी रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरून स्पार्क वाटणारा भाग) कॅपच्या टर्मिनलसमोर आहे की नाही. याला रोटर फेझिंग म्हणतात आणि बरेच जण नेमकं हेच विसरतात.

पूर्वी वजनं उघडली की रोटरही सोबत पुढे सरकायचा. आता ती लॉक आहेत. तुम्ही बहुतेक १० डिग्रीवर रोटर जुळवलाय, मग ४२ ला स्पार्क ३२ डिग्री आधी येतो, डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या स्पीडने फिरतो म्हणून रोटर १६ डिग्री मागेच असतो. रोटरची लांबी २५ मिमी धरा, म्हणजे टोक टर्मिनलपासून जवळजवळ ७ मिमी लांब! एवढी उडी मारण्यापेक्षा स्पार्क दुसरीच वाट शोधतो. कॅप उघडून बघा, रोटरच्या पितळी टोकाची फिरण्याच्या दिशेकडची कड जळालेली असेल आणि कॅपच्या आत टर्मिनलांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा दिसतील.

उपाय सोपा आहे. १० आणि ४२ च्या मधोमध २६. आधी १ नंबर टर्मिनलची जागा डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर खुणेने दाखवा, मग कॅप काढून १ नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, क्रँक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) २६ डिग्री आधी थांबवा, आणि ती खूण रोटरच्या टोकाच्या बरोबर मध्यावर येईल इतकी बॉडी फिरवून घट्ट करा. आता फरक दोन्ही बाजूंना ८-८ डिग्रीच राहतो. खात्री हवी असेल तर एखाद्या जुन्या कॅपला १ नंबरजवळ भोक पाडून टायमिंग लाइटने आत बघा, रोटर जागेवर थांबलेला दिसतो. काळ्या रेषा पडलेली कॅप मात्र घासूनपुसून परत लावू नका, नवीनच घाला, कारण कार्बनची ती वाट स्पार्कला सोपी पडते आणि फेझिंग जुळवूनही मिसिंग जाणार नाही.