लस आधी की टॉप-अप विमा आधी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ असून त्यांना मधुमेह आणि सीओपीडी (श्वास घेणे कठीण करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. आई ६८ वर्षांची असून तिची प्रकृती चांगली आहे. दोघांचा मिळून एक आरोग्य विमा आहे. पण कोणाला दहा-पंधरा दिवस आयसीयूत राहावे लागले, तर तो पुरणार नाही अशी धास्ती वाटते. यंदा त्यांच्या आरोग्यासाठी एक ठरावीक रक्कम बाजूला काढली आहे. त्यातून दोघांना फ्लूची आणि न्यूमोकोकल (न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस द्यावी, असे पत्नीचे मत आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, आयसीयूतले निम्मे रुग्ण लस घेतलेलेच असतात, तेव्हा सगळी रक्कम टॉप-अप विम्यात, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचे बिल भरणाऱ्या जोड-विम्यात घालावी. शिवाय लस घेतल्यावर पुढे विम्याचे संरक्षण कमी करून हप्ता वाचवता येईल का?

उत्तर : आधी निर्णय सांगतो, मग कारणे. बाजूला काढलेल्या रकमेतून प्रथम दोघांच्या लशींचा खर्च करावा, उरलेल्या रकमेत जास्त वजावटीचा (वजावट म्हणजे बिलाचा टॉप-अप न देणारा पहिला भाग) टॉप-अप घ्यावा आणि लस घेतली म्हणून मूळ विमा एका पैशानेही कमी करू नये. कोणती लस, कोणत्या क्रमाने आणि केव्हा घ्यायची, हे मात्र वडिलांच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. मी केवळ पैशांच्या बाजूने बोलतो आहे.

आपल्या बंधूंचा आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, म्हणून त्याचा विचार आधी करू. एखाद्या वस्तीतल्या १०० ज्येष्ठांपैकी ९० जणांनी लस घेतली आहे आणि त्या १०० पैकी दहा जण आयसीयूत दाखल झाले, असे धरा. त्यांतले पाच लस घेतलेले आणि पाच न घेतलेले निघाले, तर ‘निम्मे लसवाले’ हे विधान खरेच ठरते. परंतु पहिले पाच ९० जणांतून आलेले आहेत आणि दुसरे पाच केवळ दहा जणांतून. म्हणजे लस न घेतलेल्यांचा धोका नऊपट झाला. खाटांवरची डोकी मोजून धोका कळत नाही. ती डोकी किती जणांतून आली, हे पाहावे लागते.

आता लशीने अतिदक्षता विभागाची गरज प्रत्यक्षात किती कमी होते, हे पाहू. न्यूझीलंडमध्ये २०१२ ते २०१५ या काळात झालेल्या अभ्यासात, फ्लूमुळे आयसीयूत दाखल होण्याचा प्रौढांचा धोका लसीकरणाने ८२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि लस घेऊनही ज्यांना आयसीयूत जावे लागले त्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी चार दिवसांनी कमी होता. हा आकडा जसाच्या तसा आपल्या हिशेबात घालण्याचा मोह मी टाळतो. असे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असतात, आणि स्वतःहून लस घेणारी माणसे एरवीही प्रकृतीची अधिक काळजी घेणारी असण्याची शक्यता असते, त्यामुळे लशीच्या खात्यावर थोडे जास्तच श्रेय जमा होते. फ्लूची लस त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली, तर एकंदर आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटतो. न जुळलेल्या वर्षी त्याहून बराच कमी. न्यूमोकोकल लशीची मोठी चाचणी नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील ८४ हजारांहून अधिक लोकांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीत समाविष्ट असलेल्या जिवाणूप्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि त्याच प्रकारांचा रक्तात वा मेंदूच्या आवरणात पसरणारा गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी घटला. परंतु सर्व कारणांनी होणाऱ्या न्यूमोनियात मात्र उल्लेखनीय घट आढळली नाही. लशीनंतरही विमा का लागतो, याचे उत्तर या शेवटच्या ओळीत आहे.

म्हणून आपल्या हिशेबासाठी मी ८२ टक्के न धरता लशीमुळे धोका निम्मा होतो एवढेच धरतो. लशीचा वार्षिक खर्च एक एकक माना. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोकोकल लशीचे एक-दोन डोस बराच काळ पुरतात, म्हणून तिचा खर्च काही वर्षांवर विभागून धरावा. आयसीयूतल्या एका मुक्कामाचे बिल अशा २०० एककांइतके होते आणि वडिलांसारख्या रुग्णाला अशा संसर्गामुळे वर्षभरात तिथे जावे लागण्याची शक्यता शंभरात एक आहे, असे गृहीत धरू. ही गृहीतके केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या भागातले दर आणि डॉक्टरांचा अंदाज घालून ती बदलून पाहावीत. शक्यता शंभरात एकवरून दोनशेत एकवर आली की सरासरीने एक एकक वाचते, म्हणजे लशीचा खर्च नेमका भरून निघतो. आईच्या बाबतीत मूळ शक्यता हजारात तीन धरली, तर वाचणारी रक्कम एका एककाच्या केवळ तीन दशांश होते. थोडक्यात, निव्वळ आयसीयूच्या बिलापुरते पाहिले तर वडिलांची लस बरोबरीत सुटते आणि आईची तोट्यात जाते.

बंधू इथे नक्कीच समाधानाने मान डोलावतील. पण हीच कसोटी त्यांच्या टॉप-अपला लावून पाहा. विमा कंपनीला दाव्यांखेरीज प्रशासनाचा खर्च आणि नफाही हप्त्यांतूनच भागवायचा असतो, त्यामुळे सरासरीच्या हिशेबात विमा घेणारा बहुधा तोट्यातच असतो. तरीही आपण विमा घेतो, तो सरासरी वसूल करण्यासाठी नव्हे. घराची घडी विस्कटवणारे एकच मोठे बिल पेलता यावे म्हणून घेतो. मग विम्याकडून जो परतावा कोणी मागत नाही, तो लशीकडून मागण्याचे कारण नाही. दोघांची कामे वेगळी आहेत: लस घटना घडण्याची शक्यता घटवते आणि विमा घटना घडल्यावरचा आर्थिक घाव उथळ करतो. शिवाय विमा बिल भरतो, आजारपण परत घेत नाही.

त्यातही रुग्णालयाचे बिल हा पूर्ण खर्च नव्हे. व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या वयस्क माणसाला स्नायूंचा अशक्तपणा, विस्मरण, पुन्हा चालायला शिकणे यांतून जावे लागते. फिजिओथेरपी, घरातला ऑक्सिजन, दिवसरात्रीचा मदतनीस यांचा मोठा भाग पॉलिसीच्या बाहेर राहतो. फुप्फुसे तीव्रपणे निकामी होऊन वाचलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, आजारापूर्वी नोकरीत असलेल्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षानंतरही बेरोजगार होते. आपले आईवडील निवृत्त असतील. आपण व आपली पत्नी नाही. म्हणून या यादीत आपल्या दोघांची फ्लूची लसही घालावी, असे मी सुचवेन. तिने आईवडिलांनाही आडून संरक्षण मिळते. जपानमध्ये शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस दिली जात होती, त्या काळात हिवाळ्यातले ज्येष्ठांचे मृत्यू लक्षणीय घटले होते आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम थांबल्यावर ते पुन्हा वाढले. घरात मुले असतील तर त्यांचाही विचार याच कारणासाठी करावा.

हृदयाचा मुद्दा मधुमेही वडिलांसाठी वेगळा सांगावासा वाटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बहुतांशी नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला फ्लूची लस दिली गेली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांचे एकत्रित प्रमाण ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आले. वडिलांना झटका येऊन गेल्याचे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे हे आकडे त्यांना थेट लागू होत नाहीत. पण लशीचा लाभ फ्लूच्या बिलापुरता मोजणे अपुरे आहे, एवढे यातून कळते.

आता हप्ता वाचवण्याबद्दल. लसीकरणामुळे अतिदक्षता विभागातले रुग्ण कमी झाले, तरी तिथला खर्च त्याच प्रमाणात खाली येत नाही. तिथे परिचारिका, डॉक्टर, यंत्रे आणि इमारत खाट रिकामी असली तरी सज्ज ठेवावी लागतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण खर्चापैकी ८४ टक्के खर्च असा स्थिर स्वरूपाचा आढळला होता. रुग्ण घटल्याचा पहिला लाभ स्वस्ताईच्या रूपाने मिळत नाही. गरजेच्या वेळी खाट आणि लक्ष द्यायला पुरेशी माणसे उपलब्ध असण्याच्या रूपाने मिळतो. आयसीयूचा दर खाली येईल, या आशेवर संरक्षण कमी करणे म्हणूनच चुकीचे ठरेल. त्यातून वडिलांना फ्लू-न्यूमोनियाखेरीज पडणे, पक्षाघात, मूत्रपिंडाचा त्रास अशा इतर कारणांनीही आयसीयू लागू शकते, आणि तिथे या लशींचा फारसा उपयोग नाही.

रकमेची विभागणी करताना टॉप-अपची वजावट मूळ विम्याच्या रकमेइतकी ठेवावी. वजावट जितकी मोठी तितका हप्ता कमी, आणि लशींसाठी जागा तिथूनच निघते. काही पॉलिसींत वजावट प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला स्वतंत्र लागते, काहींत वर्षभराच्या एकूण बिलांना मिळून. वर्षातून दोनदा दाखल होण्याची शक्यता असलेल्या माणसासाठी दुसरा प्रकार घ्यावा, हप्ता थोडा जास्त पडला तरी. आधीपासूनच्या आजारांसाठी बहुतेक ठिकाणी प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे टॉप-अपचे संरक्षण वडिलांच्या सीओपीडीला लगेच लागू न होण्याची शक्यता आहे. फ्लूच्या लशीचा प्रभाव मात्र सुमारे दोन आठवड्यांत सुरू होतो. क्रमाबद्दलचा माझा आग्रह मुख्यतः यामुळे आहे. लशींचा खर्च आपल्या मूळ पॉलिसीत अंतर्भूत आहे का, हेही कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

टॉप-अपचा अर्ज भरताना वडिलांचा मधुमेह आणि सीओपीडी, दोन्ही निदानांच्या तारखांसह नमूद करावेत आणि एजंटाने ‘गरज नाही’ असे सांगितले तरी ते वगळू नयेत. मोठ्या बिलाच्या वेळी जुनी कागदपत्रे बारकाईने तपासली जातात आणि लपवलेल्या आजारामुळे दावा नाकारला गेला, तर भरलेले सर्व हप्ते वाया जातात.