व्ही इंजिनात दोन्ही बँकांचा (सिलिंडरच्या दोन रांगांचा) एक्झॉस्ट एकाच टर्बोला कसा जोडतात? पाइप समान लांबीचे हवेतच का?

समान लांबी लागत नाही. हा आग्रह इतक्या वेळा कानावर पडलाय की आधी त्याचाच हिशोब मांडतो.

एक्झॉस्ट ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असताना त्यातून दाबाची लाट सेकंदाला साधारण ६७० मीटर जाते. एका बँकेचा पाइप ५० सेंटिमीटर जास्त लांब असेल, तर तिकडची लाट पाऊण मिलिसेकंद उशिरा पोचते. ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक फिरतो जेमतेम तेरा-चौदा अंश. एवढ्यासाठी लोक पाइपाची वेटोळी घालतात आणि टर्बाइनला जी उष्णता हवी तीच वाटेत घालवतात.

बघायची असते ती फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते. समान अंतराने फायर होणाऱ्या व्ही ६ मध्ये प्रत्येक बँकेत दर २४० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व साधारण तेवढाच वेळ उघडा राहतो, म्हणजे एकाच बँकेतले सिलिंडर एकमेकांच्या फारसे आड येत नाहीत. ट्विन स्क्रोल टर्बोला (टर्बाइनकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा, म्हणजे स्क्रोल, असलेल्या) एक बँक एका स्क्रोलला, दुसरी दुसऱ्याला. संपलं.

क्रॉस-प्लेन व्ही ८ मध्ये (क्रँकपिन एकमेकांशी ९० अंशांत असलेल्या) हे चालत नाही. शेव्हरलेची जुनी ऑर्डर घ्या: १-८-४-३-६-५-७-२, विषम आकडे डाव्या बँकेत. डावीकडे १, ३, ५, ७ मधली अंतरं येतात २७०, १८०, ९० आणि पुन्हा १८०. पाचव्याचा व्हॉल्व अजून उघडा असतानाच सातव्याचा झोत मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरचे एक्झॉस्ट एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या जोडात) येतो आणि पाचव्यात जळका वायू मागे राहतो. हा ९० अंशांचा घोळ पाइपाच्या लांबीने सुटणं शक्यच नाही. तो सुटतो बँका ओलांडून जोड्या लावल्या की: १, ४, ६, ७ एका स्क्रोलला आणि ८, ३, ५, २ दुसऱ्याला, म्हणजे दोन्हीकडे नेमके १८० अंश. बीएमडब्ल्यूच्या एस६३ मध्ये दोन्ही बँकांना जोडणारा मॅनिफोल्ड याच कारणासाठी आहे. तिथे टर्बो व्हीच्या आत बसतात, म्हणून पाइप आखूड राहतात. बाहेरून हेच करायला गेलात तर पाइपांचं जंजाळ होतं. तेव्हा साधा सिंगल स्क्रोल घ्या आणि थोडा लॅग सोसा, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) यायला होणारा उशीर.

आता क्रॉसओव्हर पाइप, म्हणजे एका बँकेचा एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला नेणारा, कारण काम बिघडतं ते इथेच. ६० सेंटिमीटरचा स्टेनलेस पाइप ७०० अंशांनी तापला की सात-साडेसात मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली असतील तर ही वाढ मॅनिफोल्डचे स्टड तोडते किंवा वेल्डच्या कडेला चीर पाडते. आतून लायनर असलेला बेलोज (वळ्यांचा लवचीक तुकडा) किंवा स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा जोड) हवाच. टर्बोचं वजन पाइपावर लटकवू नका; ब्रॅकेट इंजिनला बांधा, चॅसीला नाही. चॅसीला बांधलात तर इंजिन हलेल तसा बेलोज रोज पिळला जाईल. टर्बोआधीची गळती जोडाशी काळ्या काजळीने दिसते, आणि बूस्ट उशिरा येण्याचं कारण बहुधा तीच असते.

सिंगल स्क्रोलला वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला टाळून सोडणारा व्हॉल्व) दोन्ही प्रवाह एकत्र आल्यानंतरच काढा. एकाच बँकेवर काढलात तर दुसऱ्या बँकेचा वायू तिथपर्यंत नीट पोचत नाही आणि बूस्ट वरच्या आरपीएमला आपोआप चढत राहतो. ट्विन स्क्रोल असेल तर दोन्ही स्क्रोलला वाट हवी. ऑइलची परतीची नळी रुंद ठेवा आणि शक्य तितकी सरळ खाली, संपमधल्या (इंजिनाच्या तळच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर सोडा. आडवी नेलीत तर टर्बो ऑइल फेकतो आणि सील खराब झालं असं उगाच वाटतं.

दोन टर्बो हा पर्यायही वाईट नाही. क्रॉसओव्हर जातो, पण दोघांच्या वेस्टगेटला एकाच ठिकाणाहून बूस्टचा दाब द्या, नाहीतर एक ढकलतो आणि दुसरा सर्ज करतो (त्यात हवा उलटी धडकते). क्रॉस-प्लेनमधला ९० अंशांचा प्रश्न मात्र बँकेगणिक टर्बो लावूनही तसाच राहतो. फ्लॅट-प्लेनला (क्रँकपिन १८० अंशांत असलेल्या इंजिनाला) तो मुळातच नाही.

सतत ६००० च्या वर फिरणाऱ्या रेसच्या इंजिनाला लांबीचा फरक दुप्पट अंशांचा पडतो; तिथे तो मोजा. आणि सिलिंडरचे क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. फोर्डच्या व्ही ८ मध्ये १ ते ४ एका बँकेत आणि ५ ते ८ दुसऱ्या बँकेत येतात, म्हणून वरच्या जोड्या जशाच्या तशा उचलू नका. आपल्या इंजिनाची ऑर्डर कागदावर अंशांसकट मांडा, मग पाइप कापा.