शाल कुणाला? वीजसुरक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 4 मार्चला लाइनमन दिवस असतो, यंदा आमची ग्रामपंचायत सत्कार करणार आहे. नावं दोन आहेत. एक तरुण पोरगा, मागच्या पावसाळ्यात रात्री भर पावसात पोलवर चढला आणि अर्ध्या तासात लाइट आणली. दुसरे सिनियर, पण त्यांच्याबद्दल गावाची तक्रारच जास्त, की शटडाऊन मिळाल्याशिवाय खांबाला हात लावत नाहीत, तासभर घालवतात. मीटिंगमध्ये सगळे पोराच्या बाजूने आहेत. तुम्ही काय म्हणाल?
– एक उपसरपंच, सांगोला तालुका

उत्तर : उपसरपंच साहेब, शाल सिनियरांना द्या. आणि मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला तर खालचं वाचून दाखवा.

तो तासभर जातो कुठे ते बघा. आधी सबस्टेशनला फोन, तिथला ऑपरेटर फीडर, म्हणजे आपल्याकडे येणारी मुख्य लाइन बंद करणार, काम करायचं परमिट देणार, मग इथे एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाइन तोडायचा स्विच उघडायचा, त्याच्या हँडलला कुलूप लावायचं, लाइन खरंच मेलीय का ते टेस्ट करायचं, आणि मग अर्थिंग रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा. रॉडची क्लॅम्प आधी जमिनीच्या बाजूला घट्ट बसवायची, नंतर हूक तारेवर टाकायचा, काढताना उलटं, आधी तारेवरचा हूक. हा क्रम चुकला की रॉड हातात धरलेला माणूसच अर्थिंग होतो. हे सगळं अंधारात, चिखलात, आणि खिशातला फोन सारखा वाजतोय, "अहो लाइट कधी येणार?"

लोक म्हणतात फीडर बंद केलाय ना, मग रॉड कशाला. मी नोकरीत असताना एकदा असाच रीतसर शटडाऊन घेतलेला, टेस्टिंग झालं, लाइन डेड. रॉडचा हूक तारेवर टाकला आणि चट्ट करून ही मोठी ठिणगी. टेस्ट आणि रॉडमधल्या त्या पाच मिनिटांत एका लग्नाच्या हॉलवाल्याने जनरेटर चालू केला होता, बाहेरची लाइन तोडून मग जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नाही, डायरेक्ट जोडलेला, म्हणजे त्याचं चारशे-साडेचारशे व्होल्ट उलटं डीपीत शिरलं आणि ट्रान्सफॉर्मरने त्याचे परत अकरा हजार करून आमच्या तारेवर पाठवले. रॉड टाकायचा कंटाळा केला असता तर आज हे उत्तर लिहायला मी नसतो. आमच्यात याला रिटर्न करंट म्हणतात, आणि याचा फोन काही सबस्टेशनला येत नाही.

आता त्या पोराचं. त्याला नावं ठेवू नका हां, कदाचित त्यानेही परमिट घेतलं असेल, आधी विचारा. नसेल घेतलं तर तो चढला कारण अख्खं गाव त्याला फोन करत होतं, म्हणजे थोडा दोष तुमच्या-आमच्याकडेही येतो. त्याला श्रीफळ द्या, चांगले हँडग्लोव्हज द्या. पण स्टेजवर "अर्ध्या तासात लाइट" म्हणून टाळ्या वाजवल्या तर पुढच्या पावसात तो वीस मिनिटांत आणायला जाईल. आणि सिनियरांचा सत्कार करताना कारण माइकवर सांगा, की यांनी आपल्याला अंधारात बसवून ठेवलं म्हणून. लोक हसतील, हसू देत.

प्रश्न : आमच्या कंपनीत गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा बोर्ड आहे. आकडा ठरावीक झाला की डिपार्टमेंटला अवॉर्ड आणि सगळ्यांना गिफ्ट. मागच्या महिन्यात पॅनलवर एका कॉन्ट्रॅक्टच्या पोराला शॉक बसला, तर सुपरवायझर म्हणाला, गप्प बस, मिक्सर जाईल सगळ्यांचा. हे बरोबर आहे का?
– मेंटेनन्समधला एक, नाशिक

उत्तर : बरोबर कसलं. मिक्सर मिळाला की तोंड बंद, एवढाच त्या बोर्डाचा अर्थ झाला. दिवस मोजून बक्षीस दिलं की अपघात कमी होत नाहीत, सांगणारे कमी होतात. आधी त्या पोराला डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढा, शॉक बसून माणूस उभा राहिला म्हणजे आत सगळं ठीक असेलच असं नाही. आणि 2003 च्या वीज कायद्यात 161 व्या कलमात विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यायची सोय उगाच केलेली नाही, सुपरवायझरला एवढं माहीत असायला हवं.

अवॉर्ड द्यायचाच तर ज्याने "थोडक्यात वाचलो" असं स्वतःहून लिहून दिलं त्याला द्या, ज्याने ब्रेकरला आपलं कुलूप लावलं आणि प्रॉडक्शनवाला ओरडत असताना चावी खिशातून काढली नाही त्याला द्या. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांनाही त्यात घ्या, पॅनलमध्ये हात त्यांचेच असतात.

प्रश्न : वीजसुरक्षेत काम करून जगात नाव झालंय असं कोणी आहे का? की फक्त शोध लावणारेच मोठे?
– आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दुसरं वर्ष

उत्तर : आहे की. अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅलझील म्हणून प्रोफेसर होते. हातात धरलेली तार किती करंटपर्यंत माणूस स्वतःहून सोडू शकतो हे त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर मोजलं. पुरुषांचा सरासरी आकडा आला साधारण 16 मिलिअँपिअर, बायकांचा साडेदहाच्या आसपास. आपल्याकडचा शंभर वॉटचा साधा बल्ब 430 च्या वर घेतो, आता तूच हिशोब कर. त्यावरून 1961 च्या सुमारास त्यांनी करंट गळला की क्षणात सप्लाय तोडणारं यंत्र केलं, आणि 1968 पासून तिकडच्या वायरिंग कोडने ते स्विमिंग पूलच्या पाण्याखालच्या दिव्यांना लावायलाच लावलं, मग बाथरूम, मग किचन.

आपल्या घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, त्याच घराण्यातला. त्यावर टेस्टचं बारकं बटन असतं, दाबलं की लाइट गेली पाहिजे. तुमच्या लॅबच्या बोर्डावरचं शेवटचं कधी दाबलं होतं, ते सरांना विचार, आणि उत्तर मला कळव.