बोत्स्वानात स्वतः गाडी चालवत कॅम्पिंग सफारी करायची आहे. कोणती फोर बाय फोर घ्यावी आणि खर्च किती येईल?

तुम्ही तपशिलात लिहिलंय, "दोघं मोठे, दोन मुलं, १२ दिवस, माउन ते कासाने. थार लडाखला नेऊन आणली आहे, त्यामुळे ड्रायव्हिंगचं टेन्शन नाही." या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. हेच वाक्य, फक्त थारच्या जागी स्कॉर्पिओ, आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

गाडीचं आधी उरकतो. चौघांसाठी डबल कॅब हायलक्स, डिझेल, वर दोन रूफटॉप टेंट. आपल्याकडची फॉर्च्युनर त्याच सांगाड्यावर आहे, म्हणजे बसल्यावर परकं वाटणार नाही. स्टिअरिंगही उजवीकडेच. कंपनी कुठलीही असो, 'फोर लो' (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा गिअर) आणि मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप) हवाच. नुसती ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर पार्कला ती पुरते, तिथे साधी सेदानही पुरते. तुमच्या वाटेवरच्या मोरेमी आणि सवुटी या रानांत नाही पुरत.

पण गाडी कोणती हा दुय्यम प्रश्न आहे. टायरमध्ये हवा किती, हा खरा.

सवुटीहून उत्तरेला निघालात की पार्कचं घोहा गेट लागतं आणि त्याच्यापुढे काचिकाऊ गावापर्यंत खोल, भुसभुशीत वाळू. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या, मध्ये उंचवटा. पहाटे गेटं उघडताच निघायचं, कारण रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू घट्ट असते, दुपारी तीच वाळू पिठासारखी होते. साडूंनी पोहे करून, भांडी घासून १० वाजता गाडी काढली. टायरमध्ये पुढे ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ३८, म्हणजे डांबरी रस्त्यावरची हवा जशीच्या तशी. त्यांचं म्हणणं असं की हवा काढली तर टायर रिमवरून निसटतो, आणि "गाडीत दम असला की झालं".

घोहाच्या पुढे एका लांबट चढावर गाडी मंदावली. इथे करायचं असतं ते सोपं आहे: ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यायचं. ब्रेक मारला की चारही चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. साडूंनी ॲक्सिलरेटर तळाला दाबला. वाळूत चाक जागच्या जागी फिरलं की ते पुढे नेत नाही, खणतं. दहा सेकंदांत मागची चाकं निम्मी आत, डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांमधला, थोडक्यात डिफ) गोळा वाळूत रुतलेला आणि चेसिस मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसलेली. एकदा गाडी पोटावर बसली की हॉर्सपॉवर कितीही असो, चाकांवर वजनच उरत नाही.

बाहेर काढायचा क्रम लिहून ठेवा. एक माणूस बॉनेटपाशी उभा राहून फक्त चहूकडे बघत राहील, तो फावड्याला हात लावणार नाही. ते कुंपणाबाहेरचं रान आहे आणि सिंह दुपारी झुडपाच्या सावलीतच पडलेला असतो. मग आधी चेसिस आणि डिफच्या खालची वाळू उपसायची, चाकांपुढची नंतर. सगळे उलट करतात आणि म्हणून दमतात. हाय-लिफ्ट जॅक नुसता वाळूत ठेवला तर तोच खाली जातो, त्याखाली फळी लागते. भाड्याच्या गाडीत ती बहुतेक वेळा नसते, ताब्यात घेतानाच मागून घ्या. चाक वर उचलून खालचा खड्डा वाळू आणि वाळक्या फांद्यांनी भरायचा. मग चारही चाकांची हवा १६ वर. फोर लो, डिफ लॉक, रिव्हर्स गिअर, स्टिअरिंग सरळ, पाय हलका. पंधरा मीटर मागे, आणि तिथून दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता वर.

एकूण वेळ २ तास २० मिनिटं. त्यातली हवा काढायला लागली ८ मिनिटं. नंतर त्याच चढावरून तीच गाडी, तोच लोड, तोच चालक घेऊन कुरकुर न करता चढली. यापेक्षा स्वच्छ प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही होत नाही, तरी साडू अजून म्हणतात की मागे येऊन वेग मिळाला म्हणून चढली.

हवा काढल्यावर टायर रुंद होतो म्हणून गाडी तरते, हाही एक गैरसमज. रुंदी थोडीच वाढते. वाढते ती जमिनीवर टेकलेली लांबी, म्हणजे रणगाड्याच्या पट्ट्यासारखं काम होतं. आकडे असे धरा: डांबरावर पुढे ३२-३४, मागे ३६-३८. खडीच्या कच्च्या रस्त्यावर २४-२६. खोल वाळूत १८. रुतलातच तर १६. १५ च्या खाली मात्र टायर रिमवरून सुटू शकतो, तेवढ्यापुरतं साडूंचं खरं आहे. मोजताना एक लक्षात ठेवा, डांबरावरून तापून आलेला टायर ३ ते ५ पीएसआय जास्त दाखवतो. तापलेल्या टायरचे १८ केलेत की रात्री थंड झाल्यावर ते १४ भरतात. हवा मोजायचा गेज घरून आपला न्या, भाड्याच्या गाडीतल्याचा भरवसा नसतो. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्याने लावायचा असावा आणि भरताना इंजिन चालू ठेवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावलात तर फ्यूज उडेल आणि पुढे मोबाइलही चार्ज होणार नाही.

वाळूतल्या चाकोरीत स्टिअरिंगशी भांडू नका, गाडी आपली वाट धरते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, चाक कडेला आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. फोटोसाठी थांबायचं तर उताराकडे तोंड करून.

लडाखात ज्याची सवय होत नाही अशी अजून एक गोष्ट म्हणजे गवत. पावसाळ्यानंतर, एप्रिल ते जूनच्या सुमारास, मधल्या उंचवट्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत असतं. त्याची कुसळं रेडिएटरच्या जाळीत बसतात आणि गाडी तापते. पुढे बारीक जाळी बांधा. तेच गवत खाली एक्झॉस्टपाशी अडकून पेटतं, आणि गाड्या खरोखर जळून जातात. दर थांब्यावर वाकून खाली बघायचं आणि हाताने ओढून काढायचं, पण पाइपला हात लावू नका.

माबाबे गेटहून सवुटीला जायला दोन वाटा आहेत, एक वाळूच्या टेकाडावरून आणि एक मार्श रोड. मार्श रोड म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी कपाशीची माती. कोरडी असेल तर मजेत जा. पाऊस पडून गेला असेल तर वाफसा येईपर्यंत तिकडे फिरकू नका. काळ्या रानात ट्रॅक्टर कसा बसतो ते ज्याने पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको.

मोरेमीत उलटा चकवा आहे. ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये, पाणी वाढतं, कारण अंगोलाच्या डोंगरांतला पाऊस कित्येक महिन्यांनी ओकावांगोत पोचतो. कुठल्याही पाण्यात उतरून खोली बघू नका, मगरी आणि पाणघोडे आहेत. दुसरी गाडी जाताना बघा, नाहीतर मागे फिरा. पाण्याने झालेलं नुकसान भाड्याच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

१२ दिवसांचं असं बसवा: माउनला १ रात्र बाजारहाटाला, थर्ड ब्रिज २, ख्वाई २, सवुटी ३, चोबे नदीकाठी इहाहा २, कासाने १. माउन ते कासाने या वाटेवर पंपाच्या भरवशावर राहू नका. फिरणं धरून ६०० किलोमीटर, वाळूत १०० ला १८ लिटर, म्हणजे १०८ लिटर, आणि वर ३० राखीव. हायलक्सची मूळ टाकी ८० ची असते, तेव्हा मोठी टाकी मागा किंवा जेरीकॅन घ्या. पाणी माणशी रोज ५ लिटर, धुण्याचं वेगळं.

कॅम्पना कुंपण नसतं. संत्री-मोसंबी अजिबात नकोत, नागपूरचे असलात तरी. हत्तीला वास लागतो आणि तो काच फोडून घेतो. थर्ड ब्रिजला माकडं आणि बबून तंबूची चेन उघडतात. तरसं बाहेर राहिलेले बूट नेतात. मुलांना रात्री शू लागली तर शिडी उतरायची नाही, तंबूत झाकणाचा डबा ठेवा.

खर्चाचं राहिलंच. भाव दरवर्षी हलतात म्हणून आकडा देत नाही, पण हिशेब असा: गाडी दिवसावर, माउनला घेऊन कासानेला सोडायचे वेगळे पैसे, पार्कची फी माणशी रोज आणि गाडीची निराळी, कॅम्पसाइटचं भाडंही माणशी. तंबू आपला, जमीन त्यांची, तरी चौघांचं मिळून बऱ्या हॉटेलाएवढं जातं. कॅम्पसाइट वेगवेगळ्या खासगी चालकांकडे आहेत, प्रत्येकाकडे स्वतंत्र बुकिंग. जुलै-ऑगस्ट हवा असेल तर वर्षभर आधी हलायला लागा. आधी कॅम्प, मग गाडी, मग विमान.

वर खोल वाळूसाठी १८ म्हणालो ते दोन तंबू आणि भरलेली टाकी असेल तर मागच्या चाकांना २० करा. शिवाय एकटीच गाडी असेल तर सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी, नाहीतर परतताना मुंबईला अडकवून ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मुलांचे डोस वेगळे असतात.

आणि काचिकाऊला डांबर लागलं की तिथेच झाडाखाली गाडी लावून हवा भरा. २०-२५ मिनिटं जातात, जाऊ द्या. १८ वर डांबरावरून ८० ने पळालात तर टायरची बाजू तापून फाटते आणि पुढे कासानेपर्यंत अजून नव्वदेक किलोमीटर आहेत. साडू म्हणाले होते, कासानेला पंपावर फुकट भरून मिळेल.