घराचा विमा आहे, असं तुम्हाला वाटतंय

सांगलीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, हातात येणारा पगार ६२ हजार, मुलगी नववीत. कर्नाळ रोडच्या बाजूला वडिलोपार्जित घर. २०१९ ला खालच्या मजल्यात पाच फूट पाणी, २०२१ ला कमरेइतकं. त्यानंतर डागडुजी करून वरचा मजला चढवला, त्यासाठी २५ लाखांचं कर्ज. आता २२ लाख बाकी आहे, हप्ता २१,७००. हाताशी पाच लाखांची एफडी आहे. प्रश्न असा: "हे पैसे कर्जात भरू, की २०१६ ची गाडी काढून अकरा लाखांची नवीन घेऊ? घराचा विमा बँकेने कर्जाबरोबरच काढलेला आहे, त्यामुळे ती काळजी नाही."

काळजी तिथेच आहे. गाडीचं आणि कर्जाचं नंतर बघू.

पत्रासोबत तुम्ही त्या पॉलिसीचा फोटो पाठवलात, बरं केलंत. त्यात विमा उतरवलाय तो तुमचा, घराचा नाही. दुसऱ्या पानावर वर्षागणिक उतरत जाणारे आकडे आहेत. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या वर्षीची रक्कम कर्जखात्यात जाते. घराचा पत्ता त्या कागदावर फक्त तुमच्या नावाखाली, पत्रव्यवहारासाठी आहे. पूर, आग, भूकंप यांतलं काहीही त्यात नाही. उद्या खालचा मजला पुन्हा पाण्यात गेला तर त्यातून एक रुपयाही येणार नाही.

आणि याचा एकरकमी हप्ता १ लाख ४० हजार, तोही कर्जातच घातलेला. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे २ लाख ९० हजार होतात. "हा घ्यावाच लागतो" असं सांगून कर्जाच्या सह्यांच्या गठ्ठ्यात हा कागद सरकवतात आणि माणूस घराचा विमा झाला या समजुतीत वर्षानुवर्षं राहतो. याचा मला संताप येतो. सांगलीत तर जास्तच येतो, कारण २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं या गावाने पाहिलंय. धोक्याची पातळी ४५ आहे.

तुम्ही लिहिता, "आता वरचा मजला आहे, सामान वर नेता येतं, आणि तसा पूर काही दरवर्षी येत नाही." सामान न्याल. वायरिंग, ओटा, दारं, मोटर, प्लास्टर कसं नेणार? २०१९ चा तुमचाच हिशोब साडेतीन लाखांचा आहे. सरकारी मदत १५ हजार मिळाली आणि उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. आणि दरवर्षी येत नाही म्हणावं, तर दोन वर्षांत दोनदा आला.

तेव्हा या महिन्यात "भारत गृह रक्षा" पॉलिसी घ्या. एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना हे प्रमाणित स्वरूप लागू आहे आणि पूर त्यात मुळातच धरलेला आहे. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, जागेच्या भावाचा नाही. तुमचं १६०० फूट बांधकाम दोन हजारांनी धरलं तर ३२ लाख. घरातल्या सामानाला त्याच्या वीस टक्के, म्हणजे ६ लाख ४० हजारांचं संरक्षण यादी न देता आपोआप मिळतं (कमाल मर्यादा दहा लाख). दागिने त्यात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. पूर्वी पाणी आल्याचं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. एजंट "राहू द्या, कशाला लिहिताय" म्हणाला तर एजंट बदला. कंपनीने वर्षाला पाच हजार सांगितले तरी घ्या.

आता गाडी. २०१९ ला पाणी ओसरल्यावर तुम्ही स्टार्टर मारून पाहिला, इंजिन बसलं, क्लेम नाकारला आणि त्या रागात तेव्हापासून नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा ठेवलाय. राग समजतो. पण इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे नुकसान पुराने नाही, सुरू केल्याने झालं. इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनासाठीचं जादा संरक्षण विम्याला जोडलेलं नसेल तर हे उत्तर ठरलेलं. तुमचा थर्ड पार्टी चालू असला तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा घेता येतो, तो घ्या. इतक्या जुन्या गाडीला इंजिन प्रोटेक्ट मिळेलच असं नाही, विचारून बघा. कोयनेचा विसर्ग वाढला की गाडी विश्रामबागला मेव्हण्याकडे नेऊन लावा. आणि पाण्यात अडकलीच, तर किल्लीला हात न लावता टोचन करून गॅरेजला न्या.

नवीन गाडी नको. तीन लाख भरून आठ लाखांचं कर्ज म्हणजे सात वर्षं तेरा हजारांचा हप्ता. दोन्ही हप्ते मिळून ३५ हजार, पगाराच्या निम्म्याहून जास्त, आणि मुलीची बारावी तोंडावर.

पाच लाखांतले अडीच लाख एफडीतच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. पंचवीस-तीस हजार दोन्ही विमे आणि एका चांगल्या टर्म पॉलिसीसाठी, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना रक्कम देणाऱ्या निव्वळ आयुर्विम्यासाठी. दोन लाख कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर दंड लागत नाही. हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करा: सुमारे अडीच वर्षं आणि साडेचार लाखांचं व्याज वाचतं.

बँकेच्या त्या पॉलिसीची सरेंडर किंमत, म्हणजे ती मधेच सोडली तर परत मिळणारी रक्कम, किती, ते लेखी मागवा. मात्र टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत ती सोडू नका. आकडा आला की मला कळवा, ठेवायची की सोडायची ते मग ठरवू.