हेगला व्याख्यान द्यायला जाण्याआधी

तुझ्या व्याख्यानाची निवड झाली, फार आनंद झाला! आता स्लाइड्स निम्म्या कर. पायाची संवेदना तपासायचा 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा धागा), 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, हे दर 4 वर्षांनी भरणाऱ्या त्या डायबेटिक फूटच्या, म्हणजे मधुमेहाने बिघडलेल्या पायांच्या, परिषदेत सगळ्यांना तोंडपाठ असतं. तू आपल्या इंदूरचे पाय दाखव. भर मे महिन्यात खजरान्याच्या गणपतीला अनवाणी जाऊन आलेला रुग्ण, दोन्ही तळव्यांना टरारलेले फोड, आणि चटका बसल्याचं त्याला कळलंही नाही, कारण संवेदनाच गेलेली. एमसीआरच्या (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपला दिल्या तरी घरात त्या कोणी घालत नाही, वाट देवघरावरून जाते ना! हे तिथे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

फोटोंसाठी रुग्णाची लेखी परवानगी घे, नाव-नंबर झाक. शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र आजच मागव.

सावकाश बोल. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, त्यात कमीपणा नाही. शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर केलेल्या कामाचा उल्लेख जरूर कर, ती आपल्या मातीतली पुण्याई आहे. आणि कास्टिंगची, म्हणजे पायाला प्लास्टर घालण्याची, कार्यशाळा असेल तर अजिबात चुकवू नकोस. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (तळव्याला सगळीकडून टेकून जखमेवरचा भार कमी करणारं प्लास्टर) हात भरवूनच शिकावा लागतो.